जुन्या कॅमेऱ्याचा भाव कोण ठरवतो?



या व्यासपीठावर विद्वानांची भाषणे होतात. मी विद्वान नाही. माझे शिक्षण शाळेत थोडे झाले. बाकीचे वाचनालयाच्या बाकावर आणि कामगारांच्या बैठकींत झाले. जिनिंगचे मजूर, हमाल, मापारी यांच्या संघटनेत माझे आयुष्य गेले, त्यामुळे भाव, मजुरी आणि वजनकाटा या तीन गोष्टींचा विचार करण्याची सवय जडली. आज मी जो विषय घेतला आहे तो त्याच सवयीतून आला आहे. विषय आहे रोलचा जुना कॅमेरा, त्याची खरेदी-विक्री आणि त्याचे बदलते भाव.

हा विषय हौशी लोकांचा आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे काहींना वाटेल. परंतु जरा आठवून पाहा. वाशीम, रिसोड, कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव, मानोरा, यांपैकी कोणत्याही गावात एके काळी फोटो स्टुडिओ नव्हता असे नाही. लग्नाचे फोटो, शाळेच्या दाखल्याचे फोटो, पोहरादेवीच्या यात्रेत रंगवलेल्या पडद्यापुढे काढलेले फोटो, हे सारे ज्या यंत्रांनी काढले ती यंत्रे आज कोठे आहेत? पुष्कळशी कपाटात, कातडी डब्यात पडून आहेत. त्यांचे मालक साठी-सत्तरीला आले आहेत. या माणसांना पेन्शन नाही, प्रॉव्हिडंट फंड नाही. ज्याच्या जोरावर संसार केला ते हत्यार हीच त्यांची शिल्लक. आणि गेल्या काही वर्षांत त्यांच्या दारी शहरातले खरेदीदार येऊ लागले आहेत. "जुना कॅमेरा आहे का? काय घ्याल?" असा प्रश्न विचारला जातो, आणि आपला मनुष्य गोंधळून म्हणतो, "तुम्हीच काय ते द्या."

"तुम्हीच काय ते द्या" हे वाक्य मी कापसाच्या बाजारात, मजूर अड्ड्यावर, सावकाराच्या ओट्यावर ऐकलेले आहे. हे वाक्य ज्याच्या तोंडून निघते त्याचे नुकसान ठरलेले असते. म्हणून हा भाव ठरतो कसा, आणि ठरवतो कोण, हे आज आपण नीट पाहू.

प्रथम यंत्राकडे पाहू. रोलचा कॅमेरा म्हणजे मुळात एक अंधारी पेटी. पुढे भिंग, मागे फिल्म, मध्ये पडदा. बटण दाबले की हा पडदा, म्हणजे शटर, सेकंदाच्या लहानशा अंशापुरता उघडतो आणि मिटतो. फिल्मवर चांदीच्या क्षारांचा थर असतो. त्यावर प्रकाश पडला की दिसणार नाही असा ठसा उमटतो, तो रसायनात धुतल्यावर प्रकट होतो. यंत्र एवढेच आहे. पण ते एकट्याने काही करू शकत नाही. त्याला रोल लागतो, रोल धुणारा लागतो, कागदावर छापणारा लागतो, आणि यंत्र बिघडले तर दुरुस्त करणारा मिस्त्री लागतो. बैलगाडी जशी सुतार, लोहार आणि बैल यांच्यावाचून निव्वळ लाकूड आहे, तसाच हा कॅमेरा या चौघांवाचून निव्वळ लोखंड आणि काच आहे. जुन्या कॅमेऱ्याच्या भावाची किल्ली या साखळीत आहे. साखळी शाबूत असेल तर भाव राहतो, एखादी कडी तुटली की पडतो, आणि पुन्हा जोडली गेली की चढतो.

आता या भावाचा इतिहास तीन टप्प्यांत सांगतो.

पहिला टप्पा टंचाईचा. स्वातंत्र्यानंतर चार दशके परदेशी मालाच्या आयातीवर कडक नियंत्रण होते. परकीय चलन कमी, ते यंत्रसामग्री आणि धान्यासाठी राखायचे, हे सरकारचे धोरण. कॅमेरा चैनीच्या वस्तूंत मोडला जाई. त्यामुळे चांगला जर्मन किंवा जपानी कॅमेरा उघड दुकानात सहजी मिळत नसे. परदेशाहून येणारा कोणी आप्त आणील तर आणील, नाहीतर चोरट्या मार्गाने आलेला घ्यायचा. देशात जे तयार होत होते ते साधे होते. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला 'आग्फा क्लिक थ्री' हा पेटीसारखा कॅमेरा मध्यमवर्गीय घराघरांत गेला. १२० नंबरच्या एका रोलवर तो बारा चौकोनी चित्रे काढी. फिल्म देशात व्हावी म्हणून १९६० साली उदकमंडलम् येथे 'हिंदुस्तान फोटो फिल्म्स' हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६७ पासून तेथे उत्पादन सुरू झाले आणि 'इंदू' या नावाचा माल बाजारात आला. पुढे तो कारखाना आजारी पडून बंद झाला. तेथील कामगारांची कथा हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

अशा टंचाईत जुन्या मालाचे काय होते? नवा मिळत नाही म्हणून जुना नव्याच्या जवळपास पोचतो. धंदेवाईक छायाचित्रकाराच्या गळ्यात जो याशिका, रोलायफ्लेक्स किंवा रशियन झेनिट दिसे तो बहुधा कोणाच्या तरी हातचा घेतलेला असे. मुंबईच्या कोटातील बोरा बाजार, दिल्लीच्या चांदणी चौकातील कूचा चौधरी, कलकत्त्याची मेट्रो गल्ली, ही या धंद्याची ठिकाणे. आमच्याकडचे लोक वर्षातून एखादी खेप मुंबईला करीत आणि तेथून कॅमेरा, भिंग, फ्लॅश घेऊन येत. गावात व्यवहार याहून साधा असे. म्हातारा होत चाललेला छायाचित्रकार आपला कॅमेरा हाताखालच्या पोराला हप्त्याने देई. पोरगा त्यावर लग्नसराई करून पैसे फेडी. वीस वर्षे वापरलेला कॅमेरा घेतल्या किमतीला किंवा त्याहूनही अधिक किमतीला विकला गेल्याची उदाहरणे धंद्यातील माणसे आजही सांगतात.

कामगार चळवळीतील माणूस म्हणून यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्याचे हत्यार स्वतःचे आणि टिकाऊ, तो कारागीर. ज्याचे हत्यार दर दोन-तीन वर्षांनी मातीमोल होते, तो कर्जदार. रोलच्या कॅमेऱ्याने आमच्या पोरांना मालकीचे हत्यार दिले होते. एकदा फेडले की आयुष्यभर आपले, आणि गरज पडली तर विकून पैसा उभा राही.

दुसरा टप्पा कोसळण्याचा. १९९१ नंतर आर्थिक धोरण बदलले, आयातीची दारे हळूहळू उघडली. २००१ च्या एप्रिलपर्यंत आयातीवरील संख्येची बंधनेही बहुतेक उठली. नव्वदीत याशिकाचे 'एम्एफ्-टू', कोडॅकचे 'केबी-टेन' असे सोपे, स्वस्त कॅमेरे घरोघर आले. टंचाई संपली तसा जुन्याचा तोरा उतरू लागला. तरीही साखळी शाबूत होती. उलट रंगीत रोल धुणाऱ्या यंत्रांमुळे ती अधिक पसरली. आमच्याकडचे रोल अकोल्याच्या मोटारीने जात आणि दोन दिवसांनी फोटो होऊन परत येत.

घाव दुसरीकडून आला. १९७५ साली कोडॅक कंपनीच्याच स्टीव्हन सॅसन नावाच्या अभियंत्याने फिल्मवाचून चित्र टिपणारा पहिला कॅमेरा बनवला होता. पंचवीस-तीस वर्षांनी त्याची फळे दिसली. फूजी कंपनीच्या सांगण्याप्रमाणे रंगीत फिल्मची जागतिक मागणी २००० साली शिखरावर होती. पुढच्या दहा वर्षांत ती एक-दशांशाच्याही खाली गेली. २००५ साली आग्फाचा फिल्म विभाग दिवाळखोरीत निघाला, त्याच साली याशिका-कॉन्टॅक्स कॅमेऱ्यांचे उत्पादन थांबले. २००६ च्या जानेवारीत निकॉनने दोन मॉडेले सोडून बाकीचे रोलचे कॅमेरे बंद केले, आणि कोनिका-मिनोल्टाने तर धंदाच सोडला. २०१२ च्या जानेवारीत कोडॅकनेही न्यायालयाकडे दिवाळखोरीचा अर्ज केला.

या बातम्या इंग्रजी वर्तमानपत्रांत आल्या. वाशीमला त्याचा अर्थ असा झाला की प्रयोगशाळेने रोल घेणे बंद केले, कागद मिळेनासा झाला, मिस्त्रीने दुकान मोबाईल दुरुस्तीचे केले. यंत्र तेच, भिंग तेच, पण साखळीच्या कड्या तुटल्या आणि भाव गडगडला. लग्नवाल्यांना रातोरात डिजिटल कॅमेरा हवा झाला. तो कर्ज काढून घ्यावा लागला, आणि तीन वर्षांत त्याच्यापेक्षा सरस आला म्हणून दुसरे कर्ज. जुना कॅमेरा नव्याच्या बदल्यात द्यावा तर दुकानदार हात लावीना. कित्येकांनी पोरांना खेळायला दिला. कित्येकांनी भंगारवाल्याला किलोने घातला.

तिसरा टप्पा आजचा, आणि तो सर्वांनाच अनपेक्षित होता. साधारण २०१५ च्या आगेमागे जगभर तरुण मुले पुन्हा रोलकडे वळू लागली. ज्यांच्या जन्मापासून हाती मोबाईल, त्यांना छत्तीस चित्रांची मर्यादा, वाट पाहण्याची गोडी आणि फिल्मचा रंग यांचे अप्रूप वाटले. कोडॅकने बंद केलेली 'एक्टाक्रोम' फिल्म २०१८ साली परत आणली. बंद पडलेल्या यंत्रांना गिऱ्हाईक आले. पण नवे यंत्र तर फारसे कोणी बनवत नव्हते! मागणी वाढली आणि पुरवठा मुख्यतः पूर्वी बनलेल्या यंत्रांपुरताच, तोही दरवर्षी मोडतोडीने घटणारा. मग भाव चढणार नाही तर काय?

हा चढ सर्वत्र सारखा नाही. जुन्या कॅमेऱ्याला आज तीन वेगवेगळे भाव आहेत आणि ते एकमेकांत मिसळले की फसगत होते. पहिला वापराचा भाव. पेंटॅक्स 'के-१०००' घ्या. १९७६ पासून १९९७ पर्यंत बनलेला, बॅटरीवाचून चालणारा, विद्यार्थ्यांचा कॅमेरा. निकॉनचा 'एफ्एम्-टू' तसाच. हे कॅमेरे कोणी मिरवण्यासाठी घेत नाही, काम करण्यासाठी घेतो. त्यांचा भाव वाढला, पण पायरी-पायरीने वाढला.

दुसरा फॅशनचा भाव. 'कॉन्टॅक्स टी-टू' नावाचा खिशात मावणारा कॅमेरा १९९० च्या सुमारास निघाला. कोसळण्याच्या काळात तो काही शे डॉलरांत मिळे. २०१७ साली अमेरिकेतील एका प्रसिद्ध तरुणीने तो दूरदर्शनच्या कार्यक्रमात दाखवला आणि त्याचा भाव हजार डॉलरांच्या पलीकडे गेला. गंमत अशी की हा कॅमेरा विजेच्या सर्किटावर चालतो. सर्किट जळले तर दुरुस्त होणे कठीण. म्हणजे टिकाऊ यंत्राला कमी आणि नाजूक यंत्राला जास्त दाम! फॅशनचा भाव असाच असतो. तो आला तसा जाऊही शकतो.

तिसरा संग्राहकाचा भाव. २०२२ च्या जूनमध्ये जर्मनीतील वेट्झलार येथे लायका कॅमेऱ्याचा जनक ऑस्कर बार्नाक याचा स्वतःचा कॅमेरा लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना गेला, म्हणजे शंभर कोटी रुपयांहून अधिक. ही बातमी वाचून आपल्या घरच्या कॅमेऱ्याचेही लाखो येतील असे मानणे म्हणजे शेजारच्या गावात सोन्याचा हंडा सापडला म्हणून आपले शेत खणत बसण्यासारखे आहे. संग्राहक दुर्मिळतेला पैसे देतो. 'क्लिक थ्री' लाखोंनी बनला, तो दुर्मिळ नाही. आपल्याकडेही संग्राहक आहेत. मुंबईचे दिलीश पारेख यांनी १९७७ पासून कॅमेरे जमवले. ४,४२५ कॅमेऱ्यांचा त्यांचा संग्रह गिनीजच्या नोंदीत गेला. गुरुग्रामला २०१९ साली 'म्युझिओ कॅमेरा' हे संग्रहालय उघडले. अशा ठिकाणी यंत्राबरोबर त्याची हकीकत मोलाची ठरते. कोणी वापरला, केव्हा घेतला, पावती आहे का, डबा आहे का, हे विचारले जाते. म्हणून जुनी पावती फेकू नये.

या चढाला एक लगामही आहे, तो म्हणजे रोलचा भाव. नव्वदीच्या अखेरीस रंगीत रोल शंभर रुपयांच्या आसपास मिळे. आज तो हजाराच्या आगेमागे आहे. धुणे आणि संगणकावर उतरवणे धरले तर छत्तीस चित्रांना साधारण दीड हजार, म्हणजे एका चित्राला चाळीस रुपये. फिल्ममध्ये चांदी असते हे मघा सांगितले. १९८० च्या जानेवारीत अमेरिकेतील हंट बंधूंच्या साठेबाजीने चांदी औंसाला पन्नास डॉलरांच्या जवळ गेली तेव्हा फिल्मही महागली होती. रोल फार महागला तर हौस आटेल आणि कॅमेऱ्याचा भाव पुन्हा उतरेल. तेव्हा "आज थांबलो तर उद्या दुप्पट मिळेल" असे कोणी खात्रीने सांगू लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. भाव ठरवतो कोण?

जुन्या मालाच्या बाजाराची एक जुनी खोड आहे. विकणाऱ्याला मालाचे गुणदोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. जॉर्ज अकेरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन यावर एक निबंध लिहिला. खराब निघालेल्या मोटारीला तिकडे 'लिंबू' म्हणतात, म्हणून त्याने निबंधाच्या नावातच लिंबांचा बाजार आणला. त्या निबंधातील विचाराबद्दल २००१ साली त्याला नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. विचार सोपा आहे. समजा, बाजारात निम्मे कॅमेरे चांगले, दहा हजारांच्या लायकीचे, आणि निम्मे बिघडलेले, दोन हजारांच्या लायकीचे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. गिऱ्हाईक सरासरी काढून सहा हजार देऊ करील. चांगल्या कॅमेऱ्याचा मालक म्हणेल, "एवढ्याला नको," आणि तो घरी जाईल. बाजारात उरतील ते बिघडलेलेच. हे कळले की गिऱ्हाईक दोन हजारांवर येईल. अशा रीतीने अज्ञानामुळे चांगला माल बाजारातून हाकलला जातो आणि प्रामाणिक विकणारा व प्रामाणिक घेणारा, दोघेही बुडतात.

आपल्या गावी आणखी एक उलटी गोष्ट होते. दारी आलेला खरेदीदार जाणता असतो आणि विकणारा अजाण. त्याच्या खिशातल्या मोबाईलवर मुंबईचा आणि जर्मनीचा भाव दिसतो. म्हाताऱ्या छायाचित्रकाराला शेवटचा ठाऊक असलेला भाव भंगारवाल्याचा असतो. एका तालुक्याच्या गावी बंद पडलेल्या स्टुडिओचे अख्खे कपाट, चार कॅमेरे आणि सहा भिंगे, एका अनोळखी गृहस्थाने भंगाराहून जरा बऱ्या भावात उचलले. पुढे त्यातल्या एकाच भिंगाची जाहिरात त्या सर्व रकमेहून अधिक किमतीला लागलेली मला त्या छायाचित्रकाराच्या मुलाने दाखवली. यात चोरी झाली असे म्हणता येणार नाही. सौदा राजीखुशीने झाला होता. परंतु एकाला भाव ठाऊक आणि दुसऱ्याला नाही, अशा सौद्यातील राजीखुशी कितपत खरी?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपल्याला दूर जायला नको. आपल्याच जिल्ह्यातील कारंजा येथे १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने कापसाचा बाजार नियमांखाली आला. नियंत्रित बाजारांच्या इतिहासात देशातील पहिले नाव या कारंज्याचे घेतले जाते. पुढे १८९७ साली सबंध वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला. इंग्रजांनी हे शेतकऱ्याच्या प्रेमाने केले असे मुळीच नाही. मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ कापूस रास्त दरात हवा होता. पण त्यातून जे तत्त्व रुजले ते आपल्या उपयोगाचे आहे. माल उघड्यावर यावा, हर्रास सर्वांसमक्ष व्हावी, काटा तपासलेला असावा, आणि माल चांगला की वाईट हे पाहणारा माणूस ठरलेला असावा. कापसाच्या बाजारातही फसवणूक संपली नाही, हे मी स्वतः जाणतो. परंतु भाव फळ्यावर लिहिला जाऊ लागला की शेतकरी निदान प्रश्न विचारू शकतो.

जुन्या कॅमेऱ्याच्या बाजाराला फळा नाही, तपासलेला काटा नाही. तो आपण आपल्यापुरता तयार करू शकतो. त्यासाठी प्रथम माल तपासता आला पाहिजे. ही तपासणी घरच्या घरी होते. विकणाऱ्याने ती करावी आणि घेणाऱ्यानेही करावी.

एक, मागचे झाकण उघडून रोल नाही याची खात्री करा. मग शटर वेगवेगळ्या वेगांवर दाबून पाहा. एक सेकंदाच्या खुणेवर ते कानाने मोजता येते. हळू वेग अडकत असतील तर आतले वंगण सुकले आहे. हा दोष दुरुस्त होतो. पेंटॅक्स किंवा झेनिटमध्ये पडदा कापडी असतो. त्याला भोक किंवा सुरकुती आहे का, ते उजेडासमोर धरून पाहा.

दोन, भिंग. छिद्र पूर्ण उघडून पलीकडून विजेरीचा झोत टाका. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. पावसाळ्यातील दमट हवा आणि कातडी डबा या दोन गोष्टी तिला पोसतात. म्हणून कॅमेरा कातडी डब्यात वर्षानुवर्षे कोंडू नये. हवाबंद डब्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवावा. कोवळी बुरशी निघते, पण मुरलेली बुरशी काचेवरचा लेप खाते आणि भाव निम्म्याखाली आणते.

तीन, सेलचा कप्पा. आत हिरवट किंवा पांढरी भुकटी असेल तर जुना सेल गळला आहे. काही जुन्या कॅमेऱ्यांचे प्रकाशमापक पाऱ्याच्या सेलवर, १.३५ व्होल्टवर, चालत. पारा विषारी म्हणून ते सेल जगभर बंद झाले. दीड व्होल्टचा सेल घातला तर मापक चुकीचे आकडे दाखवतो. यावर उपाय आहेत, पण घेणाऱ्याला ते आधी सांगितले पाहिजे.

चार, झाकणाच्या कडेचा फोम. तो चिकट राळ झालेला असतो आणि त्यातून उजेड आत शिरतो. तो बदलायला खर्च थोडा येतो. आणि पाच, शक्य असेल तर एक रोल घालून, धुऊन, त्याची चित्रे कॅमेऱ्याबरोबर ठेवा. शंभर शब्दांच्या वर्णनापेक्षा ती छत्तीस चित्रे घेणाऱ्याला अधिक पटतात.

यात एका माणसाचा उल्लेख मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, तो म्हणजे मिस्त्री. कॅमेरा तपासला, साफ केला, चालू केला की त्याचा भाव वाढतो. हा वाढलेला भाव कोणाच्या श्रमाचा? मिस्त्रीच्या. पण व्यवहारात त्याला दुरुस्तीचे चारदोनशे मिळतात आणि फरक मधला खातो. हे कौशल्य किती दुर्मिळ झाले आहे याचे एक उदाहरण देतो. पेंटॅक्सच्या जपानी कंपनीने २०२४ साली 'पेंटॅक्स १७' हा रोलचा नवा कॅमेरा काढला. रोल महाग म्हणून तो एका चौकटीत दोन चित्रे घेतो, छत्तीसच्या रोलवर बहात्तर. तो बनवताना रोल हाताने पुढे सरकवण्याची रचना नव्या अभियंत्यांना अवगत नव्हती. कंपनीला आपल्या जुन्या, अनुभवी अभियंत्यांकडे जावे लागले. एवढ्या मोठ्या कंपनीचे हे, मग आमच्या गावच्या मिस्त्रीने वीस वर्षे हातात स्क्रू-ड्रायव्हर धरून जे शिकून ठेवले ते वाऱ्यावर सोडायचे काय? याच महाराष्ट्रात कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी चलच्चित्रांचा कॅमेरा स्वतः घडवला आणि त्यावर चित्रपट काढला. यंत्र उघडून पाहण्याची आणि पुन्हा जोडण्याची विद्या आपल्याला परकी नाही.

तेव्हा माझ्या सूचना तीन आहेत, आणि तिन्ही आपल्या आवाक्यातल्या आहेत. जिल्ह्यातील छायाचित्रकारांनी आपल्याकडच्या जुन्या यंत्रांची एक वही करावी. कोणाकडे काय आहे, कोणत्या अवस्थेत आहे आणि त्या मॉडेलला गेल्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष काय भाव आला, हे तीत लिहावे. जाहिरातीत मागितलेला भाव लिहू नये, सौदा झालेला लिहावा. दोन्हींत जमीन-अस्मानाचे अंतर असते. दुसरी सूचना, ज्यांना विकायचे आहे त्यांनी एकेकट्याने दारावर न विकता चार-सहा जणांनी मिळून, तपासून, एकत्र विकावे. कपाटभर माल 'उधळा' देऊ नये. त्यातले एक चांगले भिंग बाकीच्या सर्वांची किंमत वसूल करते आणि ते कोणते हे घेणाऱ्याला ठाऊक असते. तिसरी, तपासणाऱ्या मिस्त्रीने सहीनिशी चिठ्ठी द्यावी आणि त्या चिठ्ठीचा मोबदला विक्रीच्या टक्केवारीत घ्यावा. भाव वाढवणारा हात भावात वाटेकरी असला पाहिजे, एवढाच याचा अर्थ.

घेणाऱ्या तरुणांनाही एक सांगणे आहे. पहिला कॅमेरा घेताना फॅशनच्या मागे जाऊ नका. बॅटरीवाचून चालणारा, उघडता येणारा, ज्याची भिंगे मिळतात असा घ्या. आणि ज्या म्हाताऱ्याकडून घ्याल त्याच्याजवळ तासभर बसा. उन्हात छिद्र किती ठेवायचे, मांडवातल्या पिवळ्या दिव्यात काय करायचे, हे तो किमतीवर काही न चढवता सांगतो.

सभेला वेळ झाला आहे. घरी गेल्यावर कपाट उघडून पाहावे, आणि डब्यात कॅमेरा असेल तर उद्या तो डब्याबाहेर काढून उन्हापासून दूर, कोरड्या हवेत ठेवावा, एवढी विनंती करतो. विकायचा की ठेवायचा हे आपले आपण ठरवावे. मात्र कोणी दारी येऊन भाव विचारला तर "तुम्हीच काय ते द्या" असे म्हणू नये. "दोन दिवसांनी या, तोवर मी चौकशी करतो," असे म्हणावे.